गाडी वळवता आली पाहिजे: साडेतीनशे सीसीच्या दुचाकीचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये मी ११,२०० किलोमीटर चाललेली, साडेतीनशे सीसीची एक वापरलेली दुचाकी विकत घेतली, आणि आज तिच्या मीटरवर १८,७४० हा आकडा आहे. या साडेसात हजार किलोमीटरांपैकी निम्मे घर ते कचेरी असे निमूटपणे संपले आणि उरलेले निम्मे ज्या कामासाठी गाडी घेतली त्या कामी आले. ते काम म्हणजे रविवारी उजाडायच्या आत कुठे जायचे हे न ठरवता पुण्याबाहेर पडणे आणि जो रस्ता बरा दिसेल त्याला लागणे. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक गाड्यांचा स्वभाव सारखाच आहे: एक सिलिंडर, साधारण २० अश्वशक्ती, पाच गिअर आणि १८० ते १९५ किलो वजन. त्यामुळे पुढचा मजकूर एका विशिष्ट गाडीपेक्षा अशा भटकंतीला कशी गाडी लागते याविषयी जास्त आहे.

याआधी माझ्याकडे पुढे झुकून बसायची, चपळ इंजिनाची गाडी होती. तिच्यावर मी सहा वर्षांत साताऱ्याला असंख्य वेळा गेलो, पण वाटेत डावीउजवीकडे फुटणाऱ्या रस्त्यांपैकी एकावरही कधी वळलो नाही, कारण फाटा दिसेपर्यंत तो मागे पडलेला असे. सध्याच्या गाडीचे इंजिन कमी फेऱ्यांतच ओढ देते. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३५ किलोमीटरला ती कुरकुर न करता चढ चढते. हा वेग हास्यास्पद वाटेल, परंतु याच वेगात रस्त्याकडेचा मैलाचा दगड वाचता येतो. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्यमार्गाचा हिरवा आणि ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याचा केशरी. आता केशरी माथा दिसला की माझा पाय आपोआप गिअर खाली करतो.

पहिला खरा अनुभव जुलैतला आहे. सातारा रस्त्याने कापूरहोळला पोहोचलो, टपरीवर चहा घेतला आणि तिथेच ठरवले की डावीकडे नारायणपूर-सासवडला जाण्याऐवजी उजवीकडे भोरला जावे. ठरवण्यामागे एवढेच कारण होते की डावीकडचे आभाळ कोरडे होते आणि मला पाऊस हवा होता. भोरच्या अलीकडे, १९२८ साली पूर्ण झालेल्या भाटघर धरणाच्या पाण्याच्या कडेने आत जाणारा एक रस्ता धरला. तासभर एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला नुकतीच भातलावणी झालेली खाचरे असा तो रस्ता चालला, मग डांबर संपले, मग खडी संपली, आणि लाल चिखलाची एक चाकोरी उताराने थेट पाण्याकडे गेलेली दिसली. बांधावर इरले पांघरून बसलेल्या आजोबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि मग सांगितले, “पुढं रस्ता न्हाय, पाणीच हाय. गाडी हितंच फिरवा.”

अशा गाडीची खरी परीक्षा त्या ‘हितंच फिरवा’मध्ये होते, असे माझे आता ठाम मत झाले आहे. कोणत्याही वर्णनात वेग, अश्वशक्ती आणि सरासरी दिलेली असते. परंतु न ठरवता फिरणाऱ्या माणसाला दर दोन रविवारी एकदा तरी रस्ता संपल्यामुळे मागे फिरावे लागते, आणि तेही आठ फूट रुंदीच्या, एका बाजूला चर असलेल्या रस्त्यावर. त्या दिवशी मी उताराकडे तोंड करून थांबण्याची चूक केली होती. गाडीला मागे जायचा गिअर नसतो, आणि १९० किलो वजन चिखलातून चढावर मागे ढकलणे एकट्या माणसाचे काम नव्हे. आजोबांनी इरले बाजूला ठेवले, पुढचे हँडल धरून रेटा दिला, मी बसल्या जागेवरून दोन्ही पायांनी मागे रेटत राहिलो, आणि चार खेपांत गाडीचे तोंड फिरले. तेव्हापासून अनोळखी रस्त्यावर थांबायचे झाले तर मी पुढचे चाक चढाकडे किंवा निदान आडवे करूनच थांबतो. या गाडीचे हँडल दोन्ही बाजूंना भरपूर वळते आणि आसन जमिनीपासून पाऊण मीटरच्या थोडेच वर असल्याने माझ्यासारख्या साडेपाच फुटी माणसाचे दोन्ही तळवे जमिनीला टेकतात. या दोन गोष्टींसाठी मी तिचे इतर बरेच दोष पोटात घालतो.

दोष आहेतच. मूळचे आसन दीड तासानंतर लाकडी पाटासारखे वाटू लागते; मी कुशनवाल्याकडून त्यात जास्त घट्ट फोम भरून घेतला तेव्हा कुठे तीन तास बसता येऊ लागले. मागचे शॉकअब्सॉर्बर एकट्या स्वारासाठी फार कडक आहेत आणि ताशी ८५ च्या पुढे हँडलला इतकी थरथर येते की तळहात बधिर होतात. कात्रजच्या वाहतुकीत क्लच दाबून दाबून डावे मनगट दुखते. पेट्रोलचा काटा तर निव्वळ अंदाजपंचे चालतो: टाकी अर्धी असेपर्यंत तो संथपणे उतरतो आणि मग पाहता पाहता तळाला जातो. मला लिटरमागे सरासरी ३४ किलोमीटर मिळतात आणि टाकी १३ लिटरची आहे, म्हणून मी काट्याकडे न पाहता दर वेळी टाकी भरल्यावर फेरीपुरते अंतर मोजणारा ट्रिपमीटर शून्यावर आणतो आणि २५० किलोमीटर झाले की पंप शोधू लागतो. साखळीला दर ५०० किलोमीटरला वंगण लागते. पावसाळ्यात दर रपेटीनंतर.

पंक्चरचा किस्सा मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण विकत घेताना मी या बाबीकडे लक्षच दिले नव्हते. माझ्या गाडीची चाके तारांची आहेत, म्हणजे टायरच्या आत ट्यूब आहे. नोव्हेंबरात भोरहून मांढरदेवीच्या घाटाने वाईकडे उतरायचे असे घाटाच्या पायथ्याशीच सुचले, आणि पहिल्या चार वळणांतच मागचे चाक डुलू लागले. ट्यूबलेस टायर असता तर हवा हळूहळू गेली असती आणि छिद्रात रबराची एखादी वात घालून मी पुढे गेलो असतो. ट्यूब मात्र दोन मिनिटांत सपाट झाली. एका टेम्पोवाल्याने मागच्या गावातून पंक्चरवाला आणून दिला. त्याने चाक काढले, ट्यूबमध्ये हातपंपाने हवा भरली आणि घमेल्यातल्या पाण्यात ती इंचाइंचाने फिरवत नेली. बुडबुड्यांची बारीक माळ उठली तशी त्याने त्या जागी अंगठा दाबला, काडीने खूण केली, पॉलिशपेपरने रबर घासले, सोल्युशन लावले आणि ते वाळेपर्यंत शांतपणे तंबाखू मळली. ठिगळ बसवल्यावर त्याने टायरच्या आतून बोटे फिरवली आणि बाभळीचा एक अर्धा इंची काटा माझ्या हातावर ठेवला. “ह्यो काढल्याबिगर किती बी ठिगळं लावा,” एवढेच तो म्हणाला. तेव्हापासून माझ्या मागच्या बॅगेत एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि हातपंप असतो. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी डोळे मिटून मिश्रधातूच्या चाकांची, ट्यूबलेस टायरची गाडी घेईन. तारांची चाके दिसायला देखणी असतात हे मान्य आहे, पण ती पाहायला मिळतात इतरांना. मी तर वर बसलेला असतो.

पावसात गाडी भरवशाची आहे, रस्ता नाही. ऑगस्टमध्ये वरंध घाटाने महाडकडे उतरायचे मनात आले, पण घाट बंद असल्याचे भोरमध्येच कळले. पावसाळ्यात तो बंद करण्याची वेळ अनेकदा येते आणि तसा फलक दिसल्यावर ‘दुचाकी निघून जाईल’ असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नये. पुढे ऑक्टोबरात त्याच घाटाने गेलो, माथ्यावर वाघजाईच्या देवळापाशी कांदाभजी खाल्ली आणि दरीतून वर येणारे ढग पाहत एवढा वेळ बसलो की महाडपर्यंत जाणे राहूनच गेले. उतरणीवर दुसरा गिअर आणि इंजिनाचाच ब्रेक, हे या गाडीला छान जमते. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, डांबरावर उत्तम काम करते, पण सुट्या खडीवर तीव्र उतार असेल तर ते ब्रेक सतत सोडत-धरत राहते आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते, हे एकदा अंगावर काटा येईपर्यंत अनुभवले आहे.

सुगीच्या दिवसांतले धोके वेगळे असतात. मावळात लोक भाताचे भारे रस्त्यावरच पसरतात. वाळलेल्या पेंढ्यावर चाक तेलावरून गेल्यासारखे सरकते, शिवाय ते कोणाचे तरी वर्षाचे धान्य असते, म्हणून तिथे उतरून गाडी ढकलत नेणेच बरे. वाईच्या खाली उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की अंधार पडायच्या आत घरी पोहोचावे, कारण मागचा दिवा नसलेली ट्रॉली या गाडीच्या मिणमिणत्या हेडलाइटमध्ये अगदी जवळ आल्यावरच दिसते. मी अखेर जास्त प्रकाशाचा बल्ब बसवला, पण वळणावर उजेड दरीत आणि गाडी रस्त्यावर, ही अडचण त्याने सुटत नाही.

सर्वांत सुंदर दिवस जानेवारीतला. धोम धरणाच्या काठाने पश्चिमेला जात राहिलो, कमळगड डाव्या हाताला सोबत करत होता, बलकवडीचे पाणी लागले आणि शेवटी जोर गावात रस्ता संपला. समोर महाबळेश्वरचे पठार भिंतीसारखे उभे होते. त्याच्या माथ्यावर गर्दीत मी अनेकदा मक्याचे कणीस खाल्ले आहे, पण तो डोंगर पायथ्यातून इतका अजस्र दिसतो याची कल्पना नव्हती. तिथून वर जाते ती पायवाट. एका घराच्या अंगणात गाडी आडवी लावली, मावशींनी न विचारता तांब्याभर पाणी आणून दिले आणि “चुकलात का, दादा?” असे काळजीने विचारले. चुकलो नाही, मुद्दामच आलो, हे त्यांना पटवून देता आले नाही.

आता भाटघरच्या त्या चिखलाच्या रस्त्याकडे मे महिन्यात पुन्हा जायचे आहे. पाणी ओसरले की कांबरे गावाजवळचे एरवी बुडालेले जुने शिवमंदिर उघडे पडते. हे मात्र ठरवून करतो आहे, याची मलाच गंमत वाटते.

या वर्गातली गाडी घ्यायची असेल तर शोरूमवाला सपाट, रुंद रस्त्यावर एक फेरी मारायला देईल, तेवढ्यावर सही करू नका. जवळच्या एखाद्या चढाच्या गल्लीत ती न्या, चढाकडे तोंड करून उभी करा, खाली न उतरता तिला पूर्ण वळवा, आणि मग उताराकडे तोंड करून एकदा पायांनी मागे रेटून पाहा. चप्पल घालून जाऊ नका.