जंगली महाराज रस्त्याचा पदपथ : पाचपैकी चार, एक गुण हमीसाठी राखून

पुण्याच्या मध्यभागात व्हीलचेअर घेऊन कुठे फिरता येईल, असं कुणी विचारलं तर मी आधी जंगली महाराज रस्ता सांगते. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे पार गेलेले. पूर्वी तिला बालगंधर्वला नाटकाला न्यायचं म्हणजे रिक्षा अगदी दारात लावायची आणि दोघांनी धरून उतरवायचं. आता आम्ही जरा आधीच उतरतो आणि पदपथावरून रमतगमत जातो.

2016 साली महापालिकेने शहरातल्या रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं ठरवली आणि पुढे हा रस्ता नव्याने आखला गेला. वाहतूक एकेरीच, त्यामुळे गाड्यांना लागते तेवढी जागा ठेवून बाकीची चालणाऱ्यांना देता आली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी; इथे बऱ्याच पट्ट्यात त्याहून ऐसपैस जागा मिळते. खुर्ची, शेजारी मी आणि समोरून कॉलेजच्या पोरांचं टोळकं, तरी कुणाला अंग चोरावं लागत नाही. जुनी झाडं राखून त्यांच्या सावलीत बसायची सोय केली आहे. आईला तिथे थांबायचंच असतं. कुणीतरी शेजारी येऊन टेकतं, कुठल्या गावच्या, मुलं किती, सुरू होतं. घरात दिवसभर गप्प असणारी माझी आई तिथून हलायला तयार नसते. आपल्या मिळकतकराचं काय होतं, असं विचारणाऱ्यांनी एकदा त्या बाकावर बसून बघावं.

आता एका गुणाबद्दल.

दुचाक्या वर चढू नयेत म्हणून पदपथाच्या उतारावर खांब रोवलेत, ते योग्यच आहे. पण दोन खांबांमधली फट कुठे इतकी अरुंद की खुर्चीच्या चाकाची कडी घासते, आणि कुठे खांबच निखळलेला, तिथून स्कूटर बिनदिक्कत वर. त्याहून वाईट म्हणजे हलणाऱ्या फरश्या. खालचा वाळूचा थर वाहून गेला की एक फरशी दबते आणि शेजारचीची धार वर येते. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात, ती त्या धारेला अडतात आणि बसलेलं माणूस एकदम पुढे झुकतं. पावसाळ्यात वर गढूळ पाण्याची पिचकारी. अशी फरशी दिसली की मी खुर्ची मागे कलवून पुढची चाकं उचलूनच नेते, पण ते मला जमतं; आईएवढ्याच वयाच्या नवऱ्याला कुणी सत्तरीतली बाई ढकलत असेल तर तिने काय करायचं?

आणि हे याच रस्त्यावर व्हावं, याचं जास्त वाईट वाटतं. 1970च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने हा रस्ता 10 वर्षांच्या हमीवर बांधला आणि हमी संपल्यावरही तो वर्षानुवर्षं टिकला, हे पुण्यात पोरासोरांनाही ठाऊक आहे. डांबराला हमी मिळू शकते, तर फरशीला का नाही? नव्या कामाला अंदाजपत्रकात तरतूद होते, उद्घाटन होतं, फोटो छापून येतात. निखळलेली फरशी बसवायला मात्र एक गवंडी आणि दोन घमेली वाळू-सिमेंट लागतं, आणि तेच वेळेवर मिळत नाही. उलट मार्च जवळ आला की कुठेकुठे धडधाकट फरश्या उखडून नव्या बसवलेल्या मी पाहिल्या आहेत. निविदेतच 10 वर्षांची देखभाल घाला, ठेकेदाराच्या बिलातला मोठा हिस्सा राखून ठेवा आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर पाहणी करून मगच तो सोडा. पाहणीला खरोखर एक व्हीलचेअर ढकलत न्या. मी यायला तयार आहे, आईसुद्धा.

तोवर जाणाऱ्यांसाठी: संध्याकाळी गर्दी फार असते, सकाळी जा. मेट्रोने येत असाल तर छत्रपती संभाजी उद्यान स्थानकात लिफ्ट आहे. आणि खुर्ची ढकलणाऱ्याने नजर फरशीवर ठेवा, झाडं बसलेल्याला बघू द्या.