मारका कोंबडा, जखमी कोंबडी: कुणाला हलवायचं, कुणाला ठेवायचं?

परसातल्या कोंबड्याने कोंबडी जखमी केल्यासारखी वाटली, तर आज रात्री हलवायचं ते कोंबडीला. कोंबड्याचं काय करायचं हे चार दिवसांनी ठरलं तरी बिघडत नाही. उघडं रक्त दिसलं की मात्र बाकीच्या कोंबड्याही तिथेच टोचत बसतात आणि रुपयाएवढ्या जखमेची तळहाताएवढी व्हायला एक दिवस पुरतो.

जखम कोंबड्यानेच केलीय का, हे ती कुठे आहे त्यावरून कळतं. पाठीचा मधला भाग, शेपटीचं मूळ, डोक्याची मागची बाजू इथली पिसं गेली असतील आणि पंखाखाली कुशीवर लांब ओरखडे किंवा फाटलेली कातडी असेल, तर ते कोंबडा पाठीवर चढताना नखांनी आणि पायामागच्या काट्याने झालेलं असतं. शेपटीखाली, अंडं बाहेर येतं त्या जागेभोवती टोचलेलं असेल तर ते बहुतेकदा कळपातल्या इतर माद्यांचंच काम. त्यामागे दाटी, कडक उजेड किंवा खाद्यातली कमी प्रथिनं असतात. मान किंवा डोकं फोडलेलं असेल तर आधी मुंगसाचा संशय घ्या आणि खुराड्याची जाळी तपासा. या दोन्ही प्रसंगांत कोंबडा विकून काहीच साधत नाही.

घरचे उपचार की दवाखाना?

कातडी खरचटलेली असेल किंवा दोन-तीन सेंटीमीटरपर्यंतच फाटली असेल आणि कोंबडी उभी राहून दाणे टिपत असेल, तर घरी जमतं. अंधार पडल्यावर धरा, तेव्हा ती शांत असते. जखमेभोवतालची पिसं कात्रीने कापा, उपटू नका. उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात दीड सपाट छोटा चमचा मीठ घालून 20 मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजने जखम धुवा. माती, पिसं, गोठलेलं रक्त निघेपर्यंत धार सोडा. मग पोव्हिडोन आयोडीन दहापट पाण्यात, फिक्या चहाच्या रंगाचं करून लावा. पहिले तीन दिवस दोनदा, पुढे एकदा.

हळद वरवरच्या ओरखड्यावर ठीक. खोल जखमेत दाबून भरली तर वर खपली धरते आणि घाण आत राहते. तेलात कालवलेली हळद तर पिसांना चिकटते आणि माती ओढते. रॉकेल, फिनाईल, डांबरगोळीची पूड यांतलं काहीही नको. कोंबडी चोचीने पिसं साफ करते, म्हणजे ते सगळं पोटात जातं. पावसाळ्यात माश्या बसून अळ्या पडतात, म्हणून पिंजऱ्यावर मच्छरदाणीचं कापड टाका. अळ्या दिसल्याच तर चिमट्याने काढून मिठाच्या पाण्याने पुन्हा धुवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कातडी हिरवट दिसली की लोक घाबरतात. पक्ष्यांत मुका मार असाच हिरवा पडतो. कुजणं ओळखायचं ते वासावरून.

कातडीचा पडदा लोंबत असेल, पोट उघडं दिसत असेल, गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीतून दाणापाणी बाहेर येत असेल किंवा कोंबडी बसून उठत नसेल, तर दवाखाना. टाके घालायचे तर ताज्या जखमेला, शक्यतो सहा-आठ तासांच्या आत. शिळी जखम शिवली की पू आत कोंडतो. जवळ श्रेणी-1 आणि श्रेणी-2 असे दोन्ही सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने असतील तर टाक्यांसाठी श्रेणी-1 गाठा, तिथे पशुवैद्यकीय अधिकारी असतात. घरातल्या उरलेल्या कॅप्सूल देऊ नका. अँटिबायोटिक सुरू केलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे डॉक्टरांनाच विचारा. वेदनेसाठी डायक्लोफेनॅक तर मुळीच नको. गिधाडांच्या मृत्यूमुळे जनावरांसाठी त्यावर 2006 साली बंदी आली. कोंबडीच्या किमतीपेक्षा उपचार महाग पडतात हे खरं, पण खोल जखमेची कोंबडी आठवडाभर कुढत ठेवण्यापेक्षा एकाच दिवसात उपचार किंवा शेवट ठरवावा.

नजरेआड की नजरेसमोर?

पूर्ण वेगळ्या खोलीत जखम लवकर शांत होते, टोचाटोची नसते. मात्र दहा-बारा दिवस नजरेआड राहिली की कळप तिला परकी समजतो आणि परत सोडताना दुसरी मारामारी होते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस आडोशाला आणि नंतर त्याच खुराड्यात जाळीमागे, साधारण दोन फूट बाय दोन फूट जागेत. कातडी पूर्ण धरल्याशिवाय सोडू नका. सोडताना रात्री, एखाद्या गरीब कोंबडीबरोबर दांडीवर बसवा. तुटलेली पिसं पुढच्या पिसगळीशिवाय येत नाहीत, तोवर पाठ उघडीच राहणार.

आता कोंबडा

| पर्याय | कधी चालतो | कुठे फसतो |
|---|---|---|
| काटा आणि नखं घासणं | ओरखडे आहेत, बाकी कोंबडा बरा | पुन्हा वाढतात. वजनाचा भार तसाच |
| कोंबडीला कापडी खोगीर | एक-दोनच कोंबड्यांची पाठ गेलीय | उन्हाळ्यात गरम, खाली उवा |
| एक-दोन आठवडे कोंडणं | तरुण कोंबडा, जखम भरायला वेळ हवाय | मूळ कारण राहिलं तर पुन्हा तेच |
| कोंबड्या वाढवणं | एका कोंबड्यामागे तीन-चारच आहेत | जागा नसेल तर दाटीची टोचाटोची |
| कोंबडा काढणं | पिल्लं नकोत, किंवा घरात लहान मूल | कळपाचा राखणदार जातो |

आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हे प्रमाण बरं. पण परसात खरं बिघडतं ते वजनात. गिरिराज किंवा वनराज या जड सुधारित जातींचा तीन किलोच्या पुढचा नर सव्वा-दीड किलोच्या गावठी कोंबड्यांत सोडला की तो कितीही गरीब असला तरी पाठी फाटतात. इथे घासणं, कोंडणं सगळं मलमपट्टीच. नर बदलणं हाच इलाज.

काटा घासायचा तर कुत्र्याच्या नखांच्या कटरने फक्त टोक घ्या आणि कानशीने गोल करा. आत हाड आणि रक्तवाहिनी असते, मुळाशी कापलं की रक्त थांबत नाही. रक्त आलंच तर मक्याचं पीठ दाबून धरा. गरम उकडलेला बटाटा काट्यात खोचून टरफल उतरवण्याची युक्ती व्हिडिओत सोपी दिसते, पण पाय भाजतो आणि आतलं कच्चं हाड उघडं पडतं. पुढच्या बोटांची नखं विसरू नका, बरेचसे ओरखडे त्यांचेच असतात.

खोगीर जुन्या जीन्सचं शिवा. मानेच्या मुळापासून शेपटीच्या सुरुवातीपर्यंत लांबी, दोन्ही पंखांखालून सैल इलास्टिक. उघड्या जखमेवर बांधू नका, आणि तीन दिवसांनी खाली उवा आहेत का पाहा. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये हा पर्याय सोडूनच द्या.

कोंबडा नसला तर कोंबड्या अंडी देत नाहीत, ही समजूत अजून ऐकू येते. देतात, तेवढीच देतात. फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. कोंबडा काढल्यावर पहिल्या दहाएक दिवसांची अंडी बसवायला चालतात, पुढची बेभरवशाची. पिल्लांसाठी शेजाऱ्याकडची फळलेली अंडी खुडूक (अंड्यांवर बसू पाहणाऱ्या) कोंबडीखाली ठेवा, 21 दिवसांनी पिल्लं. फक्त अंड्यांसाठी पाच-सहा कोंबड्या असतील तर मारका कोंबडा सांभाळण्याला काही कारण उरत नाही.

माणसावर धावणाऱ्याचं वेगळं. आठ-दहा महिन्यांचा असेल तर पळू नका, लाथ मारू नका. दोन्ही त्याला झुंजीचं आमंत्रण वाटतं. बादली किंवा सूप मध्ये धरून जागेवर उभे राहा. रोज काही मिनिटं काखेत धरून फिरवा. महिनाभरात फरक नसेल, किंवा दीड-दोन वर्षांचा पक्का मारका असेल, तर सुधारेल ही आशा धरू नका. घरात पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर महिनाही थांबू नका, उडी डोळ्यांच्या उंचीवर येते.

विकताना असील जातीचा, तापट आणि काटे शाबूत असलेला कोंबडा चढ्या भावाने मागणारा गिऱ्हाईक कशासाठी मागतो हे विचारा. कोंबड्यांच्या झुंजी लावणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. रश्श्यासाठी देणं त्यापेक्षा बरं, आणि अशा कोंबड्याचं मांस चिवट असल्याने शिजवायला वेळ जास्त धरा.