सहा फुटी नवशिक्याने कुठली घ्यावी, मीटिओर की हिमालयन?

उंची सहा फूट एक इंच, लायसन्स मागच्या दिवाळीतलं आणि डोक्यात ताम्हिणीमार्गे कोकण, म्हणून रॉयल एनफिल्डच्या या दोन्ही बाइक चालवून बघितल्या.

मीटिओर ३५० ची सीट ७६५ मिमी उंच, बसलो की दोन्ही टाचा जमिनीला टेकून वर गुडघे वाकलेलेच, सिग्नलला एकदम निवांत, इंजिनही २० बीएचपी ताकदीचं, नवीन माणसाला घाबरवत नाही. पण फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) पुढे असल्याने सगळा भार बुडावर, खड्डा आला की थेट कंबरेत! पेगवर उभं राहून झेलायची सोयच नाही. तासाभरात माझी चुळबुळ सुरू.

हिमालयन ४५० ची सीट ८२५, वर केली की ८४५, तिथे गुडघे कुठे मोकळे झाले, आणि खराब रस्त्यावर सरळ उभं राहायचं. ताकद जवळपास दुप्पट, टाकी १७ लिटरची (मीटिओरची १५). वजन १९६ किलो, कागदावर मीटिओरपेक्षा पाचच जास्त, पण ते उंचावर असल्याने यू-टर्नला गाडी अशी कलली की मित्राने मागून कॅरिअर धरला म्हणून वाचलो. पैसेही बरेच जास्त जातात.

तरी हिमालयनच घेतोय, आधी सोसायटीच्या मागे आठवडाभर नुसते यू-टर्न मारणार.