चकाकीला भुलून घेतलेला बोलिंगचा चेंडू

मी बेळगावात शहापूरला राहतो. पुण्यात नोकरीला असताना टेनपिन बोलिंगची, म्हणजे लांब पट्टीवरून जड चेंडू घरंगळवत टोकाच्या दहा पिना पाडण्याच्या खेळाची, गोडी लागली, आणि गावी परतल्यावरही महिन्यातून एकदा तिकडे जाऊन खेळण्याचा नेम मी मोडलेला नाही. स्वतःचा चेंडू असावा म्हणून गेल्या मार्चमध्ये हुबळीच्या एका गृहस्थाकडून 14 पौंडांचा, म्हणजे सुमारे 6.35 किलो वजनाचा, रिॲक्टिव्ह रेझिनच्या, म्हणजे पकड घेऊन वळणाऱ्या खास प्लास्टिकच्या, आवरणाचा जुना चेंडू 7,500 रुपयांना घेतला. तेल काढून, घासून नव्यासारखा केला आहे, असे जाहिरातीत म्हटले होते. बसस्थानकावर भेट झाली तेव्हा त्यांनी कन्नडमध्ये "अण्णा, नवाच समजा" म्हणत तो माझ्या हातात दिला. त्यात आरशासारखा चेहरा दिसत होता, आणि मी तिथेच पैसे दिले.

पुण्यात तीन गेम खेळलो. असा चेंडू शेवटाकडे वळायला हवा, पण हा शेवटपर्यंत सरळच जात राहिला. लेनवर, म्हणजे चेंडू जिच्यावरून जातो त्या पट्टीवर, तेलाचा थर दिलेला असतो. रेझिनचे आवरण ते तेल शोषून घेते आणि शोषलेले तेल वाढत गेले की लेनवरची पकड जाऊन चेंडू वळेनासा होतो. म्हणूनच असा चेंडू खऱ्या अर्थाने पूर्ववत करायचा तर आधी आतले तेल उष्णतेने बाहेर काढावे लागते, मग 500, 1000, 2000 अशा क्रमाच्या, म्हणजे खरखरीतपासून बारीकपर्यंतच्या, पॅडने पृष्ठभाग घासावा लागतो. पॉलिश हे शेवटचे काम, आणि तेही लागलेच तर. माझ्या चेंडूला फक्त पॉलिश केले होते.

आईने बंबात तापवून दिलेले पाणी बादलीत घेऊन, ते 55 अंशांच्या वर नाही हे थर्मामीटरने पाहून, बोटे घालायची भोके चिकटपट्टीने बंद करून मी चेंडू आत सोडला. वीस मिनिटांत पाण्यावर पिवळसर तवंग आला. तिसऱ्या बादलीतही तो येतच होता. चेंडू पुसताना मात्र अंगठ्याच्या भोकाशेजारून काळा, चेंडूच्याच रंगाचा भराव सुटून फडक्याला लागला आणि खाली दीड इंचाची चीर दिसली, इतकी रुंद की तिच्यात नख अडकत होते.

विकणाऱ्या गृहस्थांना फोन केला तेव्हा, गरम पाण्यामुळेच तडा गेला, असे त्यांनी सांगितले. अति उष्णतेने किंवा उन्हात गाडीच्या डिकीत ठेवल्याने चेंडू तडकतो हे खरे आहे, परंतु तडा माझ्या घरी गेला असता तर त्यात आधीपासून रंगवलेला भराव कुठून आला, एवढेच मी विचारले. त्यानंतर माझा नंबर त्यांनी ब्लॉक केला.

जुना चेंडू घेणाऱ्यांनी पॉलिशच्या आधीचे फोटो मागावेत, कोणत्या पॅडने घासला हे विचारावे, आणि पैसे देण्यापूर्वी तिन्ही भोकांच्या कडेने नख फिरवावे. जवळ हेअर ड्रायर असेल तर एक भाग हलकासा कोमट करून पाहावा. तेल मुरलेले असेल तर तिथे बारीक थेंब फुटतात.

गेल्या आठवड्यात त्याच गृहस्थाची नवी जाहिरात दिसली. चेंडू निळा आहे, आणि चारही फोटोंत अंगठ्याचे भोक पलीकडच्या बाजूला आहे.