शेजारच्या टॉवरसाठी करून घेतलेला वाहतूक अभ्यास : एका सल्लागार संस्थेच्या सेवेविषयी

बाणेरमधील आमच्या सोसायटीला लागून असलेल्या भूखंडावर तीन टॉवरचा गृहप्रकल्प येऊ घातला आहे आणि त्याची सगळी वाहने आमच्याच दुपदरी रस्त्यावर उतरणार आहेत. बिल्डरच्या वाहतूक अहवालात ‘अस्तित्वातील रस्ता पुरेसा आहे’ असा निष्कर्ष काढलेला होता. तो जाणकाराकडून तपासून घ्यावा, असा ठराव सर्वसाधारण सभेत झाला आणि आम्ही पुण्यातील एका लहान वाहतूक सल्लागार संस्थेला हे काम दिले. अशाच पेचात असलेल्या इतर सोसायट्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

२००६च्या पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पाला आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. मात्र अशा इमारत प्रकल्पांसाठी जनसुनावणी होत नाही, त्यामुळे परिवेश या पर्यावरण मंजुरीच्या सरकारी पोर्टलवरील कागदपत्रे स्वतः शोधून वाचली नाहीत तर शेजाऱ्यांना काहीच कळत नाही. सल्लागारांनी पहिल्याच आठवड्यात ती सर्व कागदपत्रे काढून आमच्यापुढे ठेवली.

खरा कस लागला तो आकडे तपासताना. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९९०च्या आयआरसी १०६ या मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहनाचा भार कारच्या प्रमाणात, म्हणजे पीसीयूमध्ये मोजतात. एकूण वाहनांत दुचाकींचा वाटा पाच टक्क्यांपर्यंत असेल तर एक दुचाकी ०.५ धरायची, आणि तो दहा टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ०.७५. पुण्यात दुचाकींचा वाटा दहा टक्क्यांच्या किती तरी पुढे आहे, हे चौकात पाच मिनिटे उभे राहिले तरी दिसते. तरीही बिल्डरच्या अहवालात सर्वत्र ०.५ धरले होते. हजार दुचाकींमागे २५० पीसीयूचा भार असा कागदावरून नाहीसा झाला होता. त्याहून गंभीर चूक रस्त्याच्या क्षमतेत होती. दुपदरी, दुहेरी वाहतुकीच्या रस्त्याला ही मार्गदर्शिका तासाला १,५०० पीसीयू देते, पण तो कडेला वाहने उभी नसलेला आणि जागोजागी फाटके न उघडणारा मुख्य रस्ता असेल तरच. आमच्यासारख्या, दोन्ही बाजूंना वाहने लागलेल्या आणि दर काही पावलांवर फाटक असलेल्या रस्त्यासाठी आकडा ९०० आहे. तासाला एक हजार पीसीयूचा भार १,५००ने भागला तर रस्ता दोन-तृतीयांश भरलेला दिसतो आणि ९००ने भागला तर ओसंडून वाहणारा. हे सल्लागारांनी आम्हाला फळ्यावर मांडून, शंका फिटेपर्यंत समजावून सांगितले, याबद्दल मी त्यांचा मनापासून ऋणी आहे.

वाहनगणनाही त्यांनी निष्ठेने केली. बिल्डरची गणना दिवाळीच्या सुट्टीत झालेली असल्याने यांनी मुद्दाम शाळा भरत असलेले दिवस निवडले. सकाळी आठपासून दोन मुले चौकात खुर्च्या टाकून बसत, दर पंधरा मिनिटांना नवा रकाना सुरू करत आणि चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी मारत. एका सकाळी पाण्याचा टँकर समोरच्या फाटकातून मागे येत अर्धा रस्ता अडवून उभा राहिला. गणनेत तो एकच वाहन ठरतो. पण त्या मुलाने समासात टँकर आल्याची आणि गेल्याची वेळ टिपली, आणि पुढे अहवालात रांगेच्या लांबीचे कारण म्हणून ती नोंद आली. ते पान मी दोनदा वाचले.

उणिवाही आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. पायी चालणाऱ्यांची गणना झालीच नाही, जेव्हा की याच रस्त्याने मुले शाळेत जातात आणि पदपथ निम्म्या अंतरावर संपतो. मागच्या गल्लीत मंजूर झालेल्या आणखी दोन इमारतींची वाहने हिशेबात धरलेली नाहीत. प्रत्येक प्रकल्प एकटाच आहे असे समजून मोजमाप करण्याची बिल्डरची चूक इथे यांच्याकडूनही झाली. अहवाल ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा आणि केवळ इंग्रजीत मिळाला. ज्येष्ठ सभासदांसाठी त्याचा मराठी गोषवारा आम्हालाच करावा लागला, आणि हरकत दाखल करण्यासाठी हाती जेमतेम चार दिवस उरले.

तरीही ही सेवा घ्यावी, असे माझे मत आहे. शुल्क सर्व सदनिकांत वाटल्यावर कोणालाही जड गेले नाही. मात्र करारातच पादचारी गणना, आसपासच्या मंजूर प्रकल्पांचा एकत्रित भार, अहवालाची मुदत आणि मराठी गोषवारा या चार गोष्टी लिहून घ्याव्यात, आणि गणनेचे मूळ तक्ते सोसायटीच्या ताब्यात मागावेत. आम्हाला ते न मागता मिळाले, आणि हरकतीसोबत आम्ही त्यांच्याच प्रती जोडल्या आहेत.