'आय ॲम' लिहावं की 'आय'म'?

तहसीलच्या अर्जात आणि नागपूरच्या मुलाखतीत एकच इंग्रजी चालत नाही. सहायक क्रियापद पूर्ण ठेवायचं की आखूड करायचं, हे जागा पाहून ठरवावं.

पीक विम्याचा अर्ज, बँकेचं पत्र, मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज: इथे पूर्ण रूपच हवं. 'आय हॅव नॉट रिसीव्हड द क्लेम.' 'हॅवन्ट' लिहिलं तर व्याकरण चुकत नाही, पण सलगी दिसते. मराठी अर्जात 'मले पैसे भेटले नाही' लिहिल्यासारखं.

बोलताना उलटं. 'आय ॲम फ्रॉम दारव्हा' असा एकेक शब्द सुटा म्हटला की पाठ केल्यासारखं वाटतं. 'आय'म' सहज वाटतं. अपवाद फोनचा. 'कॅन' आणि 'कॅन्ट' यांत फरक फक्त शेवटच्या ट चा, आणि वावरात रेंज कमी असली की तोच गळतो. संत्र्याच्या व्यापाऱ्याला गाडी येणार नाही हे कळवायचंय आणि त्याला येणार असं ऐकू गेलं, तर माल पडून राहतो. तिथे सरळ 'कॅनॉट' म्हणा, नाहीतर 'कान्ट' असा लांब आ काढा.

आखूड रूप निवडलं की खरी अडचण लिहिताना येते. अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षरांच्या वरच्या बाजूला येणारी स्वल्पविरामासारखी खूण ('), गळलेल्या अक्षराच्या जागी बसते. 'डोन्ट'मध्ये 'नॉट'चा ओ गळलाय, म्हणून ती एन आणि टी यांच्या मध्ये. पोरं डी-ओ नंतरच ठोकून देतात. 'वोन्ट' मात्र 'विल नॉट'चं आहे, ते पाठच करावं लागतं.

'ही'ज' म्हणजे 'ही इज' की 'ही हॅज'? पुढचा शब्द पाहा. 'ही'ज गॉन' म्हणजे तो गेलाय, इथे 'हॅज'. 'ही'ज प्लकिंग कॉटन' म्हणजे तो कापूस वेचतोय, इथे 'इज'. तसंच 'आय'ड'च्या पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर 'हॅड', मूळ रूप आलं तर 'वुड'. 'इट्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी असेल तर 'इट इज' किंवा 'इट हॅज'; 'त्याचं' या अर्थाच्या 'इट्स'ला ती नसतेच.

होकारार्थी वाक्य सहायक क्रियापदावर संपत असेल तर ते आखडत नाही. 'आर यू अ फार्मर?' याला उत्तर 'येस, आय ॲम'. 'येस, आय'म' कधीच नाही. नकारात 'नो, आय'म नॉट' चालतं.

दहावीच्या क्वेश्चन टॅगमध्ये, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडलेल्या छोट्या प्रश्नात, निवडायला वावच नाही: वाक्य होकारार्थी असेल तर टॅग नकारार्थी, आणि तो आखूडच. 'द कॉटन इज वेट, इजन्ट इट?' आणि 'आय ॲम'चा टॅग 'आरन्ट आय?', कानाला खटकतो, पण बरोबर आहे. बाकी 'ही इजन्ट' आणि 'ही'ज नॉट' दोन्ही बरोबर, हवं ते घ्या. एकाच वाक्यात दोन्ही आखडून 'ही'जन्ट' मात्र होत नाही.