मोह्सची पेटी: नऊ खनिजांचा काठिण्य संच

फ्रीडरिश मोह्स (१७७३–१८३९) हे जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाण अकादमीत खनिजशास्त्रज्ञ वेर्नर यांचे विद्यार्थी. १८१२ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझला असताना त्यांनी दहा खनिजांची काठिण्यश्रेणी, म्हणजे कोण कोणाला ओरखडते यावरून लावलेला मऊ (१) ते कठीण (१०) असा क्रम, मांडली आणि १८१८ मध्ये ते गुरूंच्याच जागी फ्रायबर्गला प्राध्यापक झाले. खनिज त्याच्या भौतिक गुणांवरून ओळखा, हा त्यांचा आग्रह. ही पेटी त्याच आग्रहाची आहे.

पेटीत शंखजिऱ्यापासून (टाल्क, १) कुरुंदापर्यंत (कोरंडम, ९) नऊ तुकडे असतात, हिरा नसतो. रोजच्या कामाला तेवढे पुरतात. तुकडे मात्र बोटभर हवेत; हरभऱ्याएवढा खडा चिमटीत नीट धरताच येत नाही.

तपासायच्या खनिजाचा ताजा, न झिजलेला पृष्ठभाग निवडा, त्यावर पेटीतल्या तुकड्याची टोकदार कड एकदाच दाबून ओढा आणि ओले बोट फिरवा. रेघ पुसली गेली, तर ती ओरखडा नसून मऊ खनिजाची भुकटी आहे. सर्वाधिक चुका इथेच होतात. मग उलटही करून पाहा: तपासायच्या खनिजाने पेटीतला तुकडा ओरखडतो का? आपल्या दख्खनी बेसाल्टमधली (काळा पाषाण) खनिजे स्टिल्बाइट (३.५–४) आणि अ‍ॅपोफिलाइट (४.५–५) फ्लोराइटच्या (४) तुकड्याने वेगळे करता येतात.

कायनाइट या खनिजाला एकच आकडा लावू नका: लांबीच्या दिशेने सुमारे ५, आडवे जवळपास ७.

संचाची खरी उणीव फ्लोराइट. त्याचे कोपरे पाटनामुळे (ठरावीक सपाट पातळ्यांवर फुटण्याच्या गुणामुळे) पटकन तुटतात. जिप्सम आणि शंखजिरे तर वापरून झिजतातच, म्हणून सुटे तुकडे देणारा विक्रेता निवडा. वेगळे कप्पे नसलेली पेटी घेऊच नका. कुरुंद बाकी सगळ्यांना ओरबाडतो.